दीड मिनिटाचं कार्टून, ३५ मिनिटांचा तास: लहान मुलांना इंग्रजी शिकवण्याची रीत

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. पुस्तक आहे, फळा आहे, कविता आहेत. नसतं ते आजूबाजूला इंग्रजी बोलणारं माणूस. घरात, गल्लीत, दुकानात मुलाच्या कानावर इंग्रजीचे सुटे शब्द पडतात: चार्जर, रिचार्ज, टाइमपास. अख्खं वाक्य क्वचितच पडतं. कार्टून ही उणीव भरून काढू शकतं, कारण तिथे कुणीतरी कुणाला तरी काहीतरी खरंच सांगत असतं आणि काय सांगतंय ते डोळ्यांना दिसत असतं.

मात्र कार्टून लावून दिलं की मूल आपोआप इंग्रजी शिकतं, हा समज सोडायला हवा. २००३ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना मँडरिन चिनी ऐकवली. काही बाळांशी माणसं समोर बसून बोलली, काहींना तेच पडद्यावर दाखवलं. समोरच्या माणसाकडून ऐकलेल्या बाळांना चिनीतले ध्वनी वेगळे ओळखता आले, पडद्यावरून ऐकलेल्यांना नाही. शाळकरी मूल बाळ नसतं, पडद्यावरून ते शब्द उचलतं. पण उचललेला शब्द तोंडात रुळायला समोर कुणीतरी विचारणारं, उत्तराची वाट पाहणारं लागतंच. म्हणून या पद्धतीत सगळा भर पॉज बटणावर आहे: थोडं दाखवायचं, तेच पुन्हा पुन्हा दाखवायचं आणि मध्ये थांबवून मुलांना बोलतं करायचं.

तुकडा कसा निवडायचा

पहिली ते चौथीसाठी १ ते ३ मिनिटांचा तुकडा पुरे. निवडताना पहिली कसोटी: आवाज पूर्ण बंद करून तो एकदा पाहा. काय घडतंय ते तुम्हाला नुसत्या चित्रांवरून सांगता आलं, तर तुकडा कामाचा आहे. गोष्ट संवादांवरच अडली असेल तर कार्टून कितीही गाजलेलं असो, बाजूला ठेवा. दुसरी कसोटी कानाची. डोळे मिटून ऐका. एकच वाक्य किंवा त्याचा साचा निदान तीनदा येतो का? बोलताना मागे संगीताचा गोंगाट आहे का? एका वेळी एकच पात्र बोलतं का?

तिसरी गोष्ट म्हणजे शब्द आणि वस्तू एकाच वेळी समोर यायला हव्यात. पात्र ‘अंब्रेला’ म्हणतं तेव्हा छत्री पडद्यावर दिसली पाहिजे. पात्र काल काय झालं ते सांगत असेल तर लहान मुलांच्या हाती काही लागत नाही. ‘पेपा पिग’सारख्या ब्रिटिश मालिकेचा एक भाग ५ मिनिटांचा असतो, वाक्यं छोटी असतात आणि निवेदक जे दिसतंय तेच साध्या शब्दांत सांगत जातो, म्हणून सुरुवातीला ती सोपी पडते. ७ मिनिटांची ऑस्ट्रेलियन ‘ब्लूई’ गोड आहे, पण त्यातलं बोलणं भराभर आणि घरगुती वळणाचं, ते चौथी-पाचवीनंतर बरं. बदकासारख्या किंवा चिरक्या आवाजात बोलणारी पात्रं मुलांना हसवतात. शिकवण्यासाठी मात्र टाळा, त्या आवाजात स्वर ओळखूच येत नाहीत.

निवडलेला तुकडा आणि त्याच्या पुढची-मागची दोन मिनिटं स्वतः पाहून घ्या. ‘स्टुपिड’, ‘शट अप’ असे शब्द मुलं एका फटक्यात उचलतात आणि नेमक्या चुकीच्या ठिकाणी वापरतात. तुकड्यातली भाषा पाठ्यपुस्तकात सध्या चालू असलेल्या घटकाशी जुळली तर सोन्याहून पिवळं: घर, प्राणी, कपडे, खाणं, हरवणं-सापडणं.

साधनांची जुळवाजुळव

शाळेत टीव्ही किंवा प्रोजेक्टर असला तरी भरवशाचं नेट नसतं आणि वीज कधी जाईल ते सांगता येत नाही. म्हणून चित्रफीत तासाच्या आधीच पेनड्राइव्हमध्ये किंवा त्या अॅपच्या ऑफलाइन सोयीने फोनमध्ये ठेवा. टीव्ही पेनड्राइव्ह वाचत नसेल तर बहुतेक वेळा दोष फॉरमॅटचा असतो. जुने टीव्ही फॅट३२ फॉरमॅटच ओळखतात आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल मावत नाही. एमपी४ फाइल जवळजवळ सगळीकडे चालते.

चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा. ३० मुलांच्या वर्गात टीव्हीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत अस्पष्टच पोहोचतो, पत्र्याच्या छपरावर पाऊस असेल तर पोहोचतच नाही. छोटा स्पीकर मुलांच्या कानांच्या उंचीवर ठेवा आणि तास सुरू होण्यापूर्वी शेवटच्या बाकावर बसून स्वतः ऐका. तिथून ‘शिप’ आणि ‘शीप’ वेगळे ऐकू येत नसतील तर मुलं जवळ घ्या, बाक हलवून जमिनीवर बसवा.

लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअर असेल तर ‘व्ह्यू’ मेन्यूतली ‘अॅडव्हान्स्ड कंट्रोल्स’ सुरू करा. त्यातलं ए-बी बटण एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी दाबलं की तेवढाच भाग फिरत राहतो. एकाच वाक्याचा सराव घ्यायला याच्याइतकी सोपी सोय नाही. यूट्यूबवर वेग ०.७५ करता येतो. त्याखाली गेलात तर आवाज ओढल्यासारखा होतो आणि उच्चार बिघडतो. ऑटोप्ले बंद ठेवा, नाहीतर तुमचा तुकडा संपताच पडदा भलतंच काही दाखवू लागतो आणि वर्ग हातचा जातो.

कायद्याचं एक: कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये शाळेच्या कामकाजाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरता चित्रपट दाखवण्याची मोकळीक आहे. तिकीट लावून किंवा गावासाठी जाहीर खेळ करणं त्यात बसत नाही.

प्रत्यक्ष तास: ३५ मिनिटं

समजा, दीड मिनिटाच्या तुकड्यात एक ससा हरवलेला बूट शोधतोय. पलंगाखाली पाहतो, खोक्यात पाहतो, दारामागे पाहतो, शेवटी बूट त्याच्याच पायात निघतो. यातून तीन वाक्यं उचलायची: ‘व्हेअर इज माय शू?’, ‘इज इट अंडर द बेड?’ आणि ‘हिअर इट इज!’ तीनच. दहा घेतलीत तर एकही राहत नाही.

पहिली ५ मिनिटं पडदा बंद. खरा बूट, खोकं आणि दप्तर घेऊन टेबलापाशी उभे राहा. बूट खोक्यात टाका आणि ‘इन द बॉक्स’ म्हणा, मग दप्तराखाली, मग दारामागे. भाषांतर करू नका, हात आणि वस्तू पुरेशा आहेत.

मग तुकडा आवाज बंद करून सलग दाखवा. आधी एकच प्रश्न द्या, मराठीत दिला तरी चालेल: ‘सशाचं काय हरवलंय?’ प्रश्न पाहण्याआधी द्यायचा, नंतर नाही. आधी प्रश्न असला की मूल शोधत पाहतं, नसला की नुसतं बघतं.

दुसऱ्यांदा आवाजासह, तरीही सलग. या वेळी काम कानाला: ‘व्हेअर’ ऐकू आलं की हात वर. कोण हात वर करतंय आणि कोण शेजाऱ्याकडे बघून करतंय, हे तुम्हाला इथेच कळतं.

तिसऱ्यांदा मध्ये थांबा. ससा पलंगाकडे वळला की पॉज. ‘इज इट अंडर द बेड?’ मुलं येस किंवा नो म्हणतील. लगेच चालू करून खरं-खोटं दाखवा. दीड मिनिटात चार थांबे पुरेत. दर पाच सेकंदांनी थांबवलंत तर गोष्ट तुटते आणि मुलं कंटाळतात. पहिल्या दोन फेऱ्या सलग ठेवायच्या त्या यासाठीच.

चौथ्यांदा एकेक वाक्य ऐकवून म्हणून घ्या. सगळा वर्ग, मग अर्धा वर्ग विचारणारा आणि अर्धा उत्तर देणारा, मग जोड्या. पात्राचा सूर, घाई, वैताग सगळं उचलू द्या. ‘व्हेअर इज माय शू?’ हे रडवेल्या सुरात म्हटलेलं वाक्य सपाट पाठांतरापेक्षा जास्त दिवस टिकतं, आणि इंग्रजीत कुठल्या शब्दावर जोर येतो तेही नकळत कानात बसतं.

पाचव्या फेरीत आवाज पुन्हा बंद, आता सशाच्या तोंडची वाक्यं मुलं देतात. गडबड होणार, उशीर होणार, होऊ द्या.

उरलेली १० मिनिटं पडदा बंद. एका मुलाला वर्गाबाहेर पाठवा, बूट लपवा, आत बोलवा. त्याने इंग्रजीतच विचारत शोधायचं, वर्गाने ‘नो, इट इजन्ट’ किंवा ‘येस, इट इज’ एवढंच म्हणायचं. हा खेळ वेळेअभावी गाळला जातो, आणि सगळ्यात मोठी चूक तीच. कार्टूनमधलं वाक्य मुलाने स्वतःच्या गरजेसाठी वापरलं, तेव्हाच ते त्याचं झालं. वेळ कमी असेल तर चौथी फेरी गाळा, खेळ गाळू नका.

दुसऱ्या दिवशी तोच तुकडा पुन्हा. मोठ्यांना वाटतं मुलं कंटाळतील. ५ ते ८ वयाच्या मुलांना पुढे काय होणार हे माहीत असण्यात मजा वाटते, ती पात्राच्या आधी वाक्य म्हणून मोकळी होतात. आठवड्याला एक तुकडा, तीन तास, हे प्रमाण बरोबर बसतं.

संवादच नसलेली कार्टून

स्वतःच्या इंग्रजीबद्दल धाकधूक असलेल्या शिक्षकांनी आणि पालकांनी इथून सुरुवात करावी. ‘शॉन द शीप’मध्ये कुणी एक शब्दही धड बोलत नाही. ‘पिंगू’ नावाचा मातीचा पेंग्विन कुठल्याच खऱ्या भाषेत बोलत नाही. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड अॅनिमेशनचा २०१९ मध्ये आलेला ‘मायटी लिटल भीम’ही बिनसंवादी आहे आणि त्यात लाडू, अंगण, दिवाळी असं मुलांच्या ओळखीचं जग आहे. परक्यांचं भराभर इंग्रजी पकडायची इथे धडपड नसते. भाषा तुम्ही घालायची, तुम्हाला झेपेल तेवढी आणि मुलांना पचेल तेवढी.

आदल्या दिवशी तुकडा पाहून ६ ते ८ वाक्यं लिहून काढा. वर्तमानात काय चाललंय ते सांगणारी: ‘ही इज क्लायम्बिंग’, ‘शी इज कुकिंग’. मराठीतलं ‘चढतोय’, ‘करतेय’ याच्याशी हे रूप बऱ्यापैकी जुळतं, म्हणून मुलांना पटकन साधतं. पहिल्या फेरीत तुम्ही निवेदन करा. दुसऱ्या फेरीत वाक्य अर्धवट सोडा: ‘ही इज…’ आणि थांबा. तिसऱ्यात आवाज मुलांचा.

बिनसंवादी कार्टूनमधला खरा खजिना म्हणजे पडण्याआधीचा क्षण. पात्र घसरणार, भांडं कलंडणार, लाडू सांडणार, तेवढ्यात पॉज करा. ‘ही इज गोइंग टू…’ अख्खा वर्ग ‘फॉल!’ म्हणून ओरडतो. ‘गोइंग टू’ शिकवायला फळ्यावर भविष्यकाळाचा तक्ता मांडावा लागत नाही. मराठीतलं ‘आता पडणार’ मुलाच्या जिभेवर आलेलंच असतं, त्याला फक्त इंग्रजी अंगरखा चढवायचा.

याच ठिकाणी ‘ही’, ‘शी’ आणि ‘इट’चा गोंधळही सुटतो. मराठीत खुर्ची ‘ती’ आणि टेबल ‘ते’, दरवाजा ‘तो’. म्हणून मूल खुर्चीला बिनदिक्कत ‘शी’ म्हणतं. हे त्याचं अज्ञान नव्हे, मराठी व्याकरण त्याने चोख आत्मसात केल्याची खूण आहे. पडद्यावर पॉज करून बोट ठेवा: भीम ‘ही’, आई ‘शी’, घागर ‘इट’, झोपाळा ‘इट’. पण ज्या मालिकांत मोटारी, आगगाड्या बोलतात, त्या या कामासाठी घेऊ नका. तिथे इंजिनसुद्धा ‘ही’ असतं आणि केलेली मेहनत वाया जाते.

उंदीर-मांजराच्या पाठलागाची जुनी कार्टून बिनसंवादी असली तरी वेग इतका की पॉज दाबेपर्यंत प्रसंग निघून गेलेला असतो. ती सुट्टीत पाहायला ठीक.

अक्षरं पडद्यावर कधी आणावीत

पहिली-दुसरीत उपशीर्षकं (सबटायटल) बंद. अक्षरं दिसली की डोळे तिकडे वळतात, वाचताही येत नाही आणि चित्रही सुटतं. चौथीच्या पुढे, रोमन लिपी सावकाश का होईना वाचता येत असेल, तर इंग्रजी आवाजाला इंग्रजीच अक्षरं द्या. ऐकलेला शब्द आणि लिहिलेला शब्द एकत्र दिसला की स्पेलिंगचा धसका कमी होतो. एकाच भाषेतल्या उपशीर्षकांचा वाचनासाठी उपयोग करण्याचं मोठं काम आपल्याच देशात झालं आहे: प्लॅनेटरीड या संस्थेच्या ब्रिज कोठारी यांनी १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवरच्या गुजराती चित्रगीतांना गुजरातीच ओळी जोडल्या, त्यातून ही कल्पना रुजली.

इंग्रजी आवाज आणि मराठी उपशीर्षकं ही जोडी गोष्ट समजायला चांगली, इंग्रजी शिकायला कुचकामी. मेंदू सोपी वाट धरतो, मराठी वाचतो आणि कान बंद करतो. यूट्यूबची आपोआप बनलेली उपशीर्षकंही तपासल्याशिवाय दाखवू नका. पात्रांची नावं आणि लहान मुलांचे आवाज यांत ती हमखास चुकतात.

उच्चार: इथे कार्टूनवर विसंबू नका

कान तयार करायला कार्टून चांगलं, तोंड तयार करायला नाही. कार्टूनमधली तोंडं ठरावीक थोड्या आकारांत फिरवलेली असतात, जीभ दातांत गेलेली किंवा ओठ दाताखाली आलेला त्यात नीट दिसत नाही. मराठी मुलांची अडचण नेमकी तिथेच आहे. आपला एकच ‘व’ इंग्रजीतल्या दोन ध्वनींचं काम करतो. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, ‘वेस्ट’ म्हणताना ओठ शिट्टीसारखे गोल होतात. हे तुमच्या चेहऱ्यावर दाखवा आणि मुलांच्या हाती छोटा आरसा द्या. ‘थिंक’मधल्या पहिल्या ध्वनीसाठी जिभेचं टोक दातांमधून किंचित बाहेर येतं आणि हवा घासत जाते, आपल्या ‘थ’सारखी अडून सुटत नाही. ‘बॅट’ आणि ‘बेट’मधला जबड्याचा फरक हनुवटीखाली हात धरला की जाणवतो. एका आठवड्यात एकच ध्वनी घ्या, तोही त्याच तुकड्यातल्या शब्दांतून.

ब्रिटिश की अमेरिकन, यावर फार डोकं खपवू नका. पहिलं वर्षभर एकाच वळणाची मालिका ठेवा म्हणजे कान स्थिरावतो, एवढं बस.

पाचवीपुढे चित्रपट

चित्रपट दीड तासाचा, तास ३५ मिनिटांचा. अख्खा चित्रपट तीन दिवस दाखवण्यापेक्षा १० मिनिटांचे भाग करा आणि दर आठवड्याला एक दाखवा. प्रत्येक वेळी सुरुवातीला दोन मुलांनी मागे काय झालं ते तीन-चार इंग्रजी वाक्यांत सांगायचं. भूतकाळाची रूपं तिथे आपसूक लागतात.

या वयात एक खेळ विलक्षण रंगतो. जोड्या करा. एकाने पडद्याकडे तोंड, दुसऱ्याने पाठ. आवाज बंद. बघणाऱ्याने जे दिसतंय ते इंग्रजीत सांगायचं, ऐकणाऱ्याने चित्र काढायचं किंवा क्रम लिहायचा. एक मिनिटाने अदलाबदल. शेवटी दोघांनी मिळून तो भाग पाहायचा. प्रसंग निवडताना हालचाल भरपूर आणि माणसं दोन-तीनच असावीत, गर्दीच्या प्रसंगात मुलांना नेमकं काय सांगावं ते सुचत नाही.

चार्ली चॅप्लिनचा १९२१ चा ‘द किड’ सहावी-सातवीला जरूर दाखवा. मूकपट असल्याने ऐकण्याचं दडपण नाही, मधूनमधून इंग्रजी पाट्या येतात त्याच वाचायच्या. पाटी आली की थांबवा, एकाने मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने अभिनय करावा. नंतर पाट्या नसलेल्या प्रसंगांसाठी मुलांनी स्वतः पाट्या लिहाव्यात, जास्तीत जास्त आठ शब्दांच्या.

कुठे बिनसतं

‘समजलं का?’ हा प्रश्न बंद करा. सगळा वर्ग ‘होऽऽ’ म्हणतो आणि कळत काहीच नाही. त्याऐवजी ‘शो मी अंडर’ म्हणा, मुलाने हात बाकाखाली घातला तर समजलं.

प्रत्येक वाक्याचं मराठी सांगत गेलात की मुलं इंग्रजी ऐकणंच सोडून तुमच्या मराठीची वाट बघतात. अगदी अडलं तर एखादा शब्द मराठीत सांगून मोकळे व्हा, पण सवय लावू नका. उलट टोकही वाईट: सूचना मराठीत दिल्या म्हणून काही बिघडत नाही, कसं खेळायचं हेच न कळलेलं मूल गप्प बसतं.

मूल ‘ही गो’ म्हणालं तर खेळ थांबवून चूक दाखवू नका. ‘येस, ही इज गोइंग!’ एवढंच म्हणून पुढे चला. बरोबर रूप कानावर पडतं आणि हिंमत शाबूत राहते.

बालगीतांबद्दलही एक इशारा. मुलं ती सुरेख गातात, घरचे खूश होतात, पण त्यातला एक शब्द सुटा काढून विचारला तर अर्थ सांगता येत नाही, असं सर्रास होतं. गाण्यातल्या चार शब्दांना हातवारे ठरवून द्या आणि मग चाल सोडून तेच शब्द बोलण्यात आणा.

काय आलं ते तपासायला परीक्षा नको. दोन आठवड्यांनी तुकड्यातली चार थांबलेली चित्रं फोनवर दाखवा, रोज पाच मुलांना दोन-दोन मिनिटं. चित्र पाहून मूल काय बोलतं ते वहीत टिपा. एक शब्द बोलणारं मूल महिन्याभराने तीन शब्द जोडू लागलं, तर तुमची निवड बरोबर आहे. तेवढ्यावरच अडलं असेल तर तुकडा छोटा करा आणि खेळाचा वेळ वाढवा.

घरी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे २ वर्षांखालच्या मुलांना पडदा नको आणि २ ते ४ वयात दिवसाला एका तासाहून जास्त नको. इंग्रजीसाठी तेवढाही लागत नाही. १५ मिनिटं, मोठ्या पडद्यावर, शेजारी आई, बाबा किंवा आजी. सेट-टॉप बॉक्सवर मुलांच्या बऱ्याच वाहिन्यांना भाषा बदलायची सोय असते, तिथे इंग्रजी निवडा. जेवताना लावू नका, तेव्हा ना नीट ऐकणं होतं ना जेवण.

आईला इंग्रजी येत नसेल तर ते उलट उपयोगी पडतं. ‘मला नाही कळलं, तो काय म्हणाला ते तू सांग,’ असं खऱ्या उत्सुकतेने विचारा. मूल शिक्षक होतं, सांगण्यासाठी पुन्हा ऐकतं. पाहून झालं की पडद्यातलं एक वाक्य दिवसभर घरात फिरवा. चप्पल सापडत नसेल तर ‘व्हेअर इज माय चप्पल?’ म्हटलं तरी चालेल. मूल हसून ‘इट इज अंडर द कॉट, आजी’ म्हणेल आणि वाकून काढूनही देईल.